देऊळ नसलेला डोंगर

८ नोव्हेंबर, शनिवार

रिपोर्ट स्वच्छ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सहा महिन्यांनी या. मागच्या वर्षी याच बाई मला पुढच्या सलाइनपलीकडचं काही सांगायला तयार नव्हत्या. आज चक्क सहा महिने! मी कागद दोनदा वाचला, मग रविकिरणला वाचायला लावला, मग पुन्हा मी वाचला.

पायाच्या बोटांत अजून बधिरपणा आहे. केमोच्या औषधांनी नसा दुखावतात म्हणे, सुधारतील हळूहळू. चालत राहा, पण थोडं थोडं आणि उतारावर जपून. मी विचारलं, डोंगरात चाललं तर चालेल? त्या हसल्या. म्हणाल्या, छोटा डोंगर शोधा.

शोधते की! होसकोट्याच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे मी. माल तपासायचा आणि नापास करायचा, हाच माझा धंदा. एक धड डोंगर शोधता येणार नाही होय?

तिथेच पार्किंगमध्ये ठरवून टाकलं. डिसेंबरात चार दिवस, आपली गाडी, सकलेशपूर-मुडिगेरेकडचे घाट. रोज एक छोटीशी चढण, सोपी, मला झेपेल अशी. वर जायचं, बसायचं, धुकं बघायचं, उतरायचं. बास. रविकिरण म्हणाला, घरी चल, मग बोलू. म्हणजे नवरोजी घाबरले!

९ नोव्हेंबर, रविवार

इडल्या खाताना सगळ्यांना सांगितलं. भूमिका, आमची लेक, टाळ्याच वाजवायला लागली. तिची परीक्षा आहे, ती येणार नाही, तरी नकाशा तिनंच काढला. रविकिरण सांबारात बघत बसला. आणि अम्मांनी (सासूबाईंना घरात सगळेच अम्मा म्हणतो) देवघराकडे वळून हात जोडले.

म्हणाल्या, चला, म्हणजे आता तिरुपतीला मुडी द्यायला हरकत नाही.

मुडी म्हणजे डोकं पार भादरून केस देवाला वाहायचे. मला वाटलं, रविकिरणची असेल. पुरुषांचं काय, पंधरा दिवसांत पुन्हा भांग पाडायला तयार. पण तो माझ्याकडे बघेचना, तेव्हा कळलं. माझी!

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून अम्मा नवस बोलल्या होत्या. सून जगू दे, तिला तुझ्या डोंगरावर आणून तिचे केस वाहीन. आमचं कुलदैवत ते, दुसऱ्या कुणाला बोलणार म्हणा. रविकिरणला माहीत. नणंदेला माहीत. भूमिकालाही माहीत! एकटी मीच अडाणी. वर्षभर सगळे माझे केस वाढायची वाट बघत होते, आणि मी खुळी समजत होते, कौतुकानं बघतायत!

१० नोव्हेंबर, सोमवार

नाही देणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर फॅक्टरीच्या बसमधून जाता-येता डोंगर बघतेय मोबाइलवर. व्हाइटफील्ड ते होसकोटे, रस्ता असा तुंबलेला की एका फेरीत एक अख्खा जिल्हा बघून होतो.

पण काय सांगू! या राज्यात देवाशिवायचा डोंगर मिळणं मुश्किल आहे. मुळ्ळय्यनगिरी बघितला, सगळ्यांत उंच, गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, खूष झाले. टोकावर देऊळ. देवरमने, नावातच देव. कोडचाद्री, तिथे तर देवीच बसलीय. एवढी चढण चढून माणूस वर पोचतो, जरा मोकळा श्वास घेईल म्हटलं तर कुणीतरी हातावर तीर्थ ठेवून म्हणणार, काय मागायचं ते मागा. मला काही मागायचं नाहीये! मला नुसतं उभं राहायचंय.

मी देव मानत नाही असं नाही. रोज दिवा लावते. पण हे चार दिवस देण्याघेण्याचे नकोत.

शेवटी तीन जागा पास केल्या. सकलेशपूरजवळ मंजराबादचा किल्ला. पायऱ्या आहेत, पण बेताच्या. मग मुडिगेरेकडे कॉफीच्या मळ्यात मुक्काम, तिथून ओढ्यापर्यंत सपाट पायवाट. आणि राणीझरी. जीप वर नेऊन सोडते, मग गवतातून थोडं चालायचं की एकदम कडा, खाली सगळी दरी. फोटोत एक बाई साडी नेसून उभी होती. ती जाते तर मी का नाही?

१६ नोव्हेंबर, रविवार

नणंद आली होती, सर्जापूर रोडहून. सुलभाक्का. अक्का मनानं वाईट नाही, पण तिचं बोलणं म्हणजे समोरच्यानं आधीच होकार दिलाय असं असतं.

तिनं सप्टेंबरमध्येच दर्शनाची तिकिटं काढून ठेवलीत! अम्मा, ती आणि मी. दहा-अकरा डिसेंबरची, बुधवार-गुरुवारची. मी लगेच शुक्रवारी निघणार, असं भूमिकाच्या तोंडून कळल्यावर तिला काय आनंद झाला! म्हणाली, बघ, देवानंच जुळवून आणलं, गुरुवारी मुडी आणि शुक्रवारी डोंगर, दोन्ही होतं. वर मला समजावते, "तुला डोंगरच हवाय ना? तिकडे सात आहेत. घाट आहे, पायऱ्या आहेत, थंडी आहे. आणखी काय असतं गं तुझ्या सकलेशपुरात?"

मी म्हटलं, केस असतात.

अम्मांनी विषय बदलून तिला रव्याचे लाडू बांधून दिले. मला वाटलं होतं, तारखांची अडचण सांगून वेळ मारून नेता येईल. आता तीही सोय गेली. नाहीच म्हणायचं, तर तोंडावर म्हणावं लागणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज इन्स्पेक्शनला आलेल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, कुठल्या पार्लरमध्ये कर्ल करून घेतले? मी म्हटलं, फार महाग पार्लर आहे, जाऊ नकोस.

माझे केस जन्मभर सरळसोट. आईनं तेल घालून घालून चपटे केलेले. औषधांनंतर उगवले ते कुरळे! काळे-पांढरे, हट्टी, कंगव्याला दाद न देणारे. आधी आरशात बघून दचकायचे. आता आवडतात. हे केस मला कुणी दिलेले नाहीत, आईनं नाही, बापानं नाही, हे मी स्वतः कमावलेत. टक्कल पडलेल्या डोक्यावर पहिली लव आली त्या दिवशी मी बाथरूममध्ये दार लावून नाचले होते. पाय बधिर, नाचताना धडपडले, बादली उलटली.

आणि हे म्हणे देऊन टाक.

२३ नोव्हेंबर, रविवार

अम्मांनी आज न्हाऊन गॅलरीत केस वाळवले. पांढरेशुभ्र, कमरेखाली जातात, शहात्तराव्या वर्षी! भूमिका मागे बसून विंचरत होती आणि अम्मा माहेरच्या, चामराजपेटेतल्या गोष्टी सांगत होत्या. त्यातलीच ती त्यांच्या आजीची. आजीचं डोकं भादरलेलं असायचं. पंधरवड्याला न्हावी मागल्या दारानं यायचा, आणि त्या दिवशी मुलांना पुढच्या अंगणात खेळायला पाठवायचे. अम्मा एकदा चोरून बघायला गेल्या आणि रात्रभर तापानं फणफणल्या. मामंजी गेले तेव्हा अम्मांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, माझ्या वेणीला कुणी हात लावायचा नाही. आता या काळात कोण लावणार होतं? तरी बजावलं.

मी कपडे वाळत घालता घालता ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. हे सगळं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनीच माझे केस नवसाला बोलावेत? मला न विचारता?

आणि तरी मी काही बोलले नाही. कारण माझ्या आजारपणात मला भरवलं कुणी, तर यांनीच. तोंड सोललेलं असायचं, त्या भात कुस्करून, ताक घालून, गाळून द्यायच्या. उलटीचं भांडं त्यांनी धरलंय. माझं डोकं उघडं पडलं तेव्हा भूमिका रडत खोलीत पळाली होती, अम्मांनी शांतपणे खोबरेल कोमट करून आणलं. एवढं केलेल्या बाईला नाही म्हणायचं म्हणजे जीभ उचलत नाही. म्हणूनच राग जास्त येतो. परकी असती तर केव्हाच झाडली असती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मळ्यातल्या होमस्टेवाल्या बाईंशी फोनवर बोलले. माझं कन्नड घरगुती, त्यांचं डोंगराळ मलनाडातलं, छान जमलं. मी आधीच सांगून टाकलं, मला आजार होता, पायाला जाणीव कमी आहे, वाट सोपी पाहिजे. लोक अशा वेळी आवाज खाली आणतात. या बाईंनी आणला नाही. म्हणाल्या, ओढ्याच्या वाटेवर एक ठिकाण निसरडं आहे, तिथे मी माणसांकडून दगड टाकून घेते, तुम्ही काठी आणा. जळवा आता नाहीत. सकाळी धुकं असतं, घाई करू नका.

फोन ठेवल्यावर मी बसमध्ये डोळे पुसले. शेजारची बाई खिडकी लावायला लागली, तिला वाटलं धूळ गेली.

रात्रीच्या जेवणाला रविकिरणला म्हटलं, गाडी मी चालवणार. त्याला घाटात गाडी लागते, स्वतः चालवत असेल तरच लागत नाही. म्हणून तो म्हणाला, घाटात मी, सपाटीला तू. सरी! ठीक आहे, एवढं तर एवढं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तालीम केली. होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावर रविकिरणबरोबर चालले. नवे बूट, घोट्यापर्यंतचे. जाताना ठीक. येताना डावा पाय कुठे पडला ते कळलंच नाही आणि मी गुडघ्यावर आले. रविकिरणचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, हे बघ, पडले आणि उठले, काही तुटलं नाही, म्हणजे सॅम्पल पास. तो हसला नाही. धुळीत माझ्याशेजारीच बसला आणि म्हणाला, मी तुला सांगायला हवं होतं. नवसाचं.

हो, हवं होतं. मी तसं म्हटलं त्याला. तो म्हणाला, त्या दिवशी पॅसेजमध्ये अम्मा बोलली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, कुणीतरी काहीतरी करतंय असं. मी तर नुसता बसलो होतो.

मग त्यानं आपणहून सांगितलं की काल त्यानं अम्मांना विचारलं, तिच्याऐवजी मी मुडी दिली तर? तर अम्मा म्हणाल्या, शब्द तुझा नाही.

मी त्याचा हात धरून उठले. बांधावरून परत येताना तो माझ्या डाव्या बाजूनं चालला, न सांगता.

२ डिसेंबर, मंगळवार

डावा खांदा दुखतोय. डावा. ऑपरेशनची बाजू.

३ डिसेंबर, बुधवार

अजून दुखतोय. कुणाला सांगितलं नाही. काल संध्याकाळपासून माझ्या डोक्यात एकच, की पाहिलंस, नवस थकवलास. घरात कुणीही हे तोंडानं म्हटलेलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आहे ना? केस दिले नाहीत तर ते आजारपण परत येईल. अम्मांच्या मनात तेच, अक्काच्या तेच. आज माझ्याही मनात तेच.

आरशासमोर उभी राहिले. हातानं सगळे केस मागे दाबून बघितलं, कसं दिसेल. दिसायचं ते मला माहीतच आहे. काय मोठंसं आहे, सुप्रीता? पुन्हा येतील. टाक देऊन, सगळे निवांत होतील, तूही होशील. खरंच हात जोडायची वेळ आली होती माझ्यावर.

मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी नीट चौकशी केली. काय उचललं, कुठे पडलात का, रोज काय करता. आणि मी सांगता सांगताच हसायला लागले. तीन दिवस मी व्हाइटफील्डच्या गर्दीत गाडीचा सराव करतेय! दर वितीला क्लच, दर वितीला गिअर, आणि गिअर डाव्या हाताला! वर्षानंतर. त्या म्हणाल्या, शेक द्या, शुक्रवारपर्यंत नाही थांबलं तर या.

शेकलं. थांबत आलंय. पण मला माझाच राग आला आहे. एका दुखऱ्या खांद्यासरशी मी डोकं पुढे करायला निघाले होते! हे देणं नव्हे, ही खंडणी झाली. भीतीपोटी देवाला काही द्यायचं नाही. देवालाही ते आवडायचं नाही, असं माझं मत आहे, आणि माझं चुकत असेल तर तो मला सांगेल, मधल्या माणसांनी सांगू नये.

६ डिसेंबर, शनिवार

झालं एकदाचं.

अक्का तिकिटं छापून घेऊन आली. माझ्यासाठी पिवळी साडीपण आणली, तिथे नेसायला. टेबलावर ठेवली. म्हणाली, बुधवारी पहाटे गाडी येईल, तू फक्त बसायचंस. मी म्हटलं, अक्का, मी येणार नाही. केस देणार नाही. आत्ता नाही, नंतर नाही, वाढल्यावर नाही.

अक्का रडायला लागली. म्हणाली, आम्ही काय तुझे वैरी आहोत? देवानं आपलं काम केलं, रिपोर्ट स्वच्छ आला, आता आपण पाठ फिरवायची? आणि उद्या काही झालं तर? मग एकदम तोंडावर हात ठेवला. निघालं शेवटी बाहेर! मी म्हटलं, काही झालं तर हॉस्पिटलात जाऊ, मागच्या वेळी गेलो तसंच.

मी अम्मांकडे वळले. म्हटलं, अम्मा, माझे केस एकदा गेलेत. उशीवर, गटारात, ताटात. तुमच्या देवानं आगाऊच नेले. अजून किती वेळा द्यायचे?

"ते रोगानं नेले. देवाला आपण दिलेच नाहीत," अम्मा म्हणाल्या. अगदी हळू. जणू यात वाद घालण्यासारखं काही नाहीच.

त्या हळू बोलण्यानंच माझा तोल गेला. मी म्हटलं, "डोकं माझं आणि शब्द तुमचा, हे कुठलं देणं? दुसऱ्याच्या जिवावर बोलायला काय जातं? बोललात तुम्ही, तुमचं तुम्ही बघा!"

रविकिरण मध्ये पडला, पुरे म्हणाला. भूमिका दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. अम्मा उठल्या, आत गेल्या, आणि तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा.

मी माफी मागणार नाही. आवाज चढला तेवढ्याची मागेन फार तर. बोलले ते खरंच होतं.

७ डिसेंबर, रविवार

डब्यासाठी चटणीपूड केली, दशम्या शनिवारपर्यंत टिकतील की नाही बघायला चार करून ठेवल्या. अम्मांनी येऊन एक मोडून बघितली आणि म्हणाल्या, दूध कमी पडलंय. एवढंच बोलल्या दिवसभरात.

९ डिसेंबर, मंगळवार

अक्काचा फोन. तिकिटं वाया घालवायची नाहीत, ती आणि अम्मा जाऊन येणार. देवाला सगळं सांगणार, सुनेची समजूत पटत नाही, जरा थांब, मुदत वाढवून दे. म्हणजे अक्का देवाकडून मुदतवाढ आणणार! बँकेत होती ना जन्मभर, तिथलंच सुचणार.

मी म्हटलं, सरी, या जाऊन.

संध्याकाळी अम्मांची पिशवी भरायला गेले. त्यांनी भरू दिली. स्वेटर घातला, गोळ्यांची डबी घातली, भिजवलेल्या बदामांचा डबा घातला. मी म्हटलं, त्या दिवशी आवाज चढला माझा. त्या म्हणाल्या, "चढू दे. आवाज आलाय हे काय कमी आहे? मागच्या वर्षी खूण करून पाणी मागायचीस." आणि पिशवीची चेन स्वतः ओढून घेतली.

मला तिथं उभं राहवेना. नेमक्या वेळी चांगलं बोलतात आणि माणसाला हरवतात! पण मी हरले नाही. केस देणार नाही म्हणजे नाही.

१० डिसेंबर, बुधवार

दोघी गेल्या पहाटे. फॅक्टरीत चार दिवसांची सुट्टी मंजूर. साहेब म्हणाले, पुन्हा हॉस्पिटल का? म्हटलं, नाही सर, डोंगर. त्यांना समजायला जरा वेळ लागला, मग स्वतःहून सही केली.

११ डिसेंबर, गुरुवार

सगळं तयार आहे. गाडीत हवा भरली. काठी आली, दुमडणारी, भूमिकानं निवडली, जांभळी. बूट पुसून ठेवले. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी ओढा, तिसऱ्या दिवशी राणीझरी, आणि परतताना चिक्कमगळूरजवळचं हिरेकोळले तळं, तिथे तर चालायचंही नाही, नुसतं काठावर बसायचं. जे झेपणार नाही ते सोडायचं, असं रविकिरणला कबूल केलंय. त्यानं माझ्या तोंडून दोनदा वदवून घेतलं.

अम्मांचा फोन लागत नाही. अक्काचा एक मेसेज, दर्शन छान झालं, उशीर होईल, रात्री माझ्याकडेच राहू. बाकी काही नाही. म्हणजे रागावल्यात. मी निघेपर्यंत यायचंच नाही, तोंड बघायचं नाही, असं ठरवलं असणार. ठरवू देत. परत आल्यावर मी जाईन त्यांना आणायला. पण जाणार उद्याच, ठरल्या वेळी. कुणाच्या रुसव्यासाठी मी आता एक दिवस थांबणार नाही, माझे दिवस मला फार कष्टानं मिळालेत.

आज न्हाले. केस तसेच ओले सोडलेत, वाळले की मनाला येईल तिकडे वळतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हासनच्या अलीकडे नाश्त्याला थांबलोय. रविकिरण हात धुवायला गेलाय, तेवढ्यात लिहिते.

सकाळी गाडी सुरू करणार, तोच अक्का अम्मांना घेऊन आली. अम्मांनी डोक्यावरून पदर घेतला होता. कधीच घेत नाहीत. मी विचारलं, काय झालं? त्यांनी पदर खाली केला. डोकं तुळतुळीत. वर चंदन लावलेलं. कानामागे एक बारीक कापल्याची खूण. अक्का मागे उभी राहून हुंदके देत होती, मी खूप अडवलं गं, म्हणत होती.

"शब्द माझा होता, मी फेडला," अम्मा म्हणाल्या. "जा आता. पाय जपून टाक."

मी त्यांच्यावर ओरडले. मग त्यांना धरून रडले. मग त्यांची पिशवी तशीच उचलून गाडीत टाकली, त्या नको नको म्हणत असताना.

आता मागच्या सीटवर झोपल्यात. त्यांना खिडकी उघडी हवी होती, मी लावून घेतली आणि माझी लोकरीची टोपी त्यांना कानांपर्यंत घातली. नव्या बोडक्या डोक्याला वारा किती झोंबतो, हे आमच्या घरात कालपर्यंत मला एकटीलाच माहीत होतं.